वसतिगृहाची भिंत कोणाची?

आपल्या ज्ञातीच्या आणि देवस्थानांच्या सभांतून हल्ली एक ठराव हटकून येतो आणि टाळ्यांच्या गजरात संमत होतो. शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलींसाठी वसतिगृह बांधावे. बांधलेले असल्यास त्यावर आणखी एक मजला चढवावा. या ठरावास विरोध करणारा गृहस्थ मी अद्याप पाहिलेला नाही, आणि मी स्वतःही करणार नाही. देवाच्या दानपेटीतला पैसा मुलींच्या शिक्षणाकडे वळावा याहून इष्ट ते काय? माझी तक्रार आहे ती ठरावानंतर जे घडते त्याबद्दल. इमारत उभी राहते, कोनशिलेवर दात्यांची नावे कोरली जातात, आणि मग पाच-सात प्रौढ गृहस्थ एका टेबलाभोवती बसून नियमावली तयार करतात. त्या टेबलाशी एकही मुलगी नसते. पुढे ज्या भिंतींच्या आत तिने तीन-चार वर्षे काढावयाची, त्या भिंतींवर दात्यांच्या तसबिरी लागतात, सूचनाफलक लागतो, घंटेचे वेळापत्रक लागते. तिने स्वतः लिहिलेला कागद मात्र लागत नाही. लागलाच तर तो काढला जातो. या काढण्याविरुद्ध मला लिहावयाचे आहे.

आमच्या भागात हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो, त्याचे कारण भूगोलात आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी मुलुख १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, ही आमची रीत. दोन भाषांच्या मासिकाचे वाचक असलेल्या आपणांस या अवस्थेची फोड करून सांगावयास नको. गावात शासकीय महाविद्यालये आहेत. परंतु मुलीस काही विशेष शिकावयाचे असेल, अथवा मराठीतूनच पुढे जावयाचे असेल, तर आमची संत्री आणि आमचा कापूस ज्या वाटेने जातो त्याच वाटेने तीही नागपुरास जाते. मुलगा चार मित्रांबरोबर भाड्याची खोली घेऊन राहतो. मुलीस बाप तशी पाठवीत नाही. वसतिगृहात जागा मिळाली तर पाठवितो. म्हणून वसतिगृहाचा नियम हा तिच्यापुरता शिक्षणाचाच नियम होऊन बसतो. तेथून नाव कमी झाले की ती सौंसरच्या घरी परत येते, आणि दारी आलेल्या पहिल्या बऱ्या स्थळाला ‘अजून शिकते आहे’ हे उत्तर देता येत नाही.

अशीच परत येण्याची पाळी ज्या दोघींवर आली आहे, त्यांपैकी एकीचे वडील माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. बापलेकींच्या संमतीने हकिगत लिहितो; संस्थेचे नाव सांगत नाही, कारण ती एकच संस्था तशी आहे असे मला वाटत नाही. देवस्थानाच्या निधीतून चालणारे हे वसतिगृह. तेथील मुली भोजनगृहाबाहेरच्या भिंतीवर महिन्यास एक हस्तलिखित कागद लावीत. त्यात कविता असत, परीक्षांच्या तारखा असत, कोणाच्या आजीच्या हातच्या पदार्थाची कृती असे. वर्षभर कोणाची हरकत नव्हती. विश्वस्त पाहुण्यांस तो कागद कौतुकाने दाखवीत. मग एका महिन्यात एक लहानसा लेख आला. वसतिगृहाचे फाटक सायंकाळी सातास बंद होते. एका रविवारी पांढुर्ण्याहून येणारी गाडी उशिरा पोहोचली आणि एक मुलगी सामानासह दीड तास पायरीवर बसून राहिली, कारण फाटक उघडण्यास ज्यांची अनुमती लागते ते गृहस्थ दूरध्वनीवर मिळत नव्हते. लेखात एवढेच विचारले होते की, नियम जर आमच्या सुरक्षिततेसाठी आहे, तर ती मुलगी त्या दीड तासात फाटकाच्या आत सुरक्षित राहिली असती की बाहेर? दुपारच्या जेवणापूर्वी कागद उतरविण्यात आला. लिहिणारीस आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढणारीस, अशा दोघींस ‘संस्थेची बदनामी केल्याबद्दल’ लेखी क्षमा मागण्यास सांगण्यात आले. न मागितल्यास पुढील वर्षी प्रवेश नाही. वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आजतागायत कोणी दिलेले नाही.

नियम बाहेरच्यांनी करावयाचे आणि ते आत राहणाऱ्या मुलींच्या नावावर खपवावयाचे, हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत मुलींची भगिनी-मंडळे असतात, त्यांस सोरॉरिटी म्हणतात. ग्रीक अक्षरांची नावे, स्वतःचे निवासगृह, जुन्या सभासद स्त्रियांच्या देणग्या, आणि दरवर्षी नव्या मुलींची निवड. आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहाशी ही मांडणी किती जुळते ते पाहावे. अलाबामा विद्यापीठाने १९५६ साली, म्हणजे आमचे तालुके ज्या वर्षी मध्य प्रदेशात राहिले त्याच वर्षी, ऑथरिन ल्यूसी या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीस प्रवेश दिला आणि थोड्याच दिवसांत तिला घालवून दिले. १९६३ च्या जूनमध्ये राज्याचे गव्हर्नर वॉलेस स्वतः दारात उभे राहिले, तरी दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी आत गेले. वर्ग उघडले, भगिनी-मंडळांची दारे मात्र पुढे पन्नास वर्षे जवळजवळ बंदच राहिली. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले असे: ही मुलींची खाजगी मंडळे आहेत, कोणास घ्यावे ते मुली ठरवितात.

११ सप्टेंबर २०१३ रोजी त्या विद्यापीठातील ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या वृत्तपत्राने हे उत्तर खोटे पाडले. गुणवत्तेत कोठेही कमी नसलेल्या कृष्णवर्णीय मुलींची नावे मतदानास येण्यापूर्वीच गळली होती. आणि ती गाळण्यामागे मंडळांच्या जुन्या सभासद स्त्रिया होत्या, असे आतल्या मुलींनी त्या पत्रास सांगितले. एकीने तर आपले नाव छापू दिले. आत राहणाऱ्या मुलींपैकी कित्येकींस त्या उमेदवार हव्या होत्या. ज्यांनी केव्हाच पदवी घेऊन संसार थाटले होते, त्यांना नको होत्या. लेख प्रसिद्ध झाला, विद्यार्थी आणि अध्यापक मोर्चा घेऊन निघाले, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी त्याच महिन्यात निवड पुन्हा खुली करावयास लावली. कृष्णवर्णीय मुलींस आमंत्रणे गेली, काहींनी ती स्वीकारली. तेथील वर्णभेद एका लेखाने संपला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण अर्धशतक जे मुलींच्या नावावर चालले होते ते मुलींचे नव्हते, हे कळावयास मुलींचे बोलणे छापणारा एक कागद लागला, आणि तो कागद विश्वस्तांच्या हाताखाली नव्हता.

वर्णाचा प्रश्न आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. आपल्या प्रवेश-अर्जातला जातीचा रकाना एकदा काढून टाकून पाहावा, मग कळेल. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात ज्ञातिवार वसतिगृहे काढविली, त्यांस त्या काळचे कारण होते. जी ज्ञात शाळेपर्यंत पोहोचतच नव्हती तिला छप्पर देणे हे पहिले काम होते. परंतु त्याच कोल्हापुरातल्या जैन वसतिगृहातून भाऊराव पाटील या विद्यार्थ्यास बाहेर पडावे लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला होता, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. नियम मोडणाऱ्या त्या मुलाने पुढे १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविणारे वसतिगृह उघडले. त्या वेळच्या चालकांनी आपल्या नियमावलीविषयी त्याचे मत भिंतीवर वाचले असते, तर कदाचित ते पुण्य त्यांच्याच पदरी पडले असते. असो, जातीच्या रकान्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, हे आपण ऐकले असेल. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वेळा जीवही गेले आहेत. शेवटी झेंडा चंडिकेच्या देवळात जातो. यामागची दंतकथा अशी की, पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी नेली. दोघे नदीत असता दोन्ही काठांनी दगड सुरू झाले आणि दोघेही तेथेच मेली. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. मुलगा कसा होता ते सांगतात, दोन्ही गावचे लोक काय म्हणाले ते सांगतात. मुलगी स्वखुशीने निघाली होती की तिला ओढून नेले होते, याविषयी एकाही सांगणाऱ्याने मला तिच्या तोंडचे एक वाक्य सांगितलेले नाही. भांडण सारे तिच्यावरून; आणि तिचे म्हणणे तेवढे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

आपल्या सुशिक्षित महाराष्ट्राने याहून निराळे वर्तन केले आहे काय? पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय हिंदू विधवांस राहण्याची आणि शिकण्याची सोय असलेले हे निवासगृह होते. मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविले जात आहे असा आरोप ‘केसरी’ने केला, वाद पेटला, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ची शंका कितपत साधार होती, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही, त्यावर या वाचकवर्गात दोन मते असणार हे मी जाणतो. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. त्या वर्षी पुण्यामुंबईच्या पत्रांत सदनाविषयी इतके रकाने भरले, पण ते भरणारे हात सदनात राहणाऱ्या मुलींचे नव्हते. तेथे शिकलेल्या गोदूबाई, म्हणजे १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, यांची आठवण ‘माझे पुराण’ या पुस्तकातून लोकांपुढे आली ती १९४४ साली. अर्धशतक उलटून गेल्यावर! साक्षीदाराची जबानी इतक्या उशिरा नोंदविणाऱ्या न्यायाधीशास आम्ही वकील काय म्हणू ते येथे लिहिण्यासारखे नाही.

कायदा काय म्हणतो, हे मला विचारले जाते. मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या कोचीन देवस्वम मंडळाचे त्रिशूर येथे श्री केरळ वर्मा महाविद्यालय आहे. तेथील मुलींच्या वसतिगृहाचा नियम होता की, कोणीही राजकीय सभेत वा मिरवणुकीत भाग घेऊ नये. सिनेमास कोणत्या खेळास जाऊ नये हेही ठरवून दिलेले होते. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली हे निर्बंध रद्द केले. चालकांच्या नैतिक आवडीनिवडी राहणाऱ्या मुलींवर लादता येणार नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात कोळिकोडजवळच्या चेलन्नूर येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहातून, सायंकाळी मोबाईल जमा करण्यास नकार दिला म्हणून काढलेल्या विद्यार्थिनीस, त्याच न्यायालयाने परत घ्यावयास लावले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत तर स्पष्टच म्हटले आहे की, सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांस मुलांच्याहून निराळे, भेदभावाचे नियम लावू नयेत.

एवढे वाचून आपले विश्वस्त घाबरतील, म्हणून लगेच सांगतो की त्यांस घाबरण्याचे कारण नाही. वरील निर्णय महाविद्यालयांच्या वसतिगृहांविषयी आहेत, आयोगाचे विनियमही उच्च शिक्षणाच्या संस्थांस लागू आहेत. केवळ देणग्यांवर चालणारे आपले खाजगी वसतिगृह त्या कक्षेत सहसा येत नाही. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदातले भाषणस्वातंत्र्य मुख्यतः शासनाविरुद्ध मागावयाचे असते. देवस्थानाच्या भिंतीविरुद्ध ते मागता येईल असे मी त्या मुलीच्या वडिलांस खोटे सांगितले नाही. विश्वस्त निधीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांस देण्यास बांधलेले आहेत. पायरीवर बसलेल्या मुलीस उत्तर देण्यास त्यांस कोणताही कायदा बांधीत नाही. म्हणूनच हे गाऱ्हाणे न्यायालयापुढे न मांडता मी आपल्यापुढे मांडीत आहे. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे विश्वस्ताची सद्सद्विवेकबुद्धी तरी पोहोचावी, अशी विश्वस्त या शब्दाचीच अपेक्षा आहे.

बदनामीची गोष्ट निराळी. तेथे कायदा स्पष्ट बोलतो. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाने बदनामी हा अपराध ठरविला आहे, आणि त्याच कलमात अपवादही दिले आहेत. लोकहितासाठी सांगितलेली सत्य गोष्ट ही बदनामी नव्हे. गाडी उशिरा आली हे सत्य, फाटक बंद होते हे सत्य, मुलगी बाहेर बसली हे सत्य. क्षमापत्रात मग लिहावयाचे ते काय? ‘फाटक उघडे होते’ असे?

कोणी म्हणेल, मुलींस लिहावयाची हौस असेल तर महाविद्यालयाचा वार्षिकांक आहे ना! वार्षिकांक मी पुष्कळ पाहिले आहेत. पहिल्या पानावर संस्थापक, दुसऱ्यावर प्राचार्य, मग मान्यवरांचे संदेश, आणि त्यानंतर प्राध्यापक-संपादकांनी निवडून, तासून, सुरक्षित करून घेतलेल्या पावसावरील कविता. यात प्राध्यापकांचा दोष थोडा आहे. अंकाचा खर्च जो देतो त्याच्याविरुद्ध अंकात काही येत नाही, हे त्यांस ठाऊक असते. सौंसर-पांढुर्ण्याची महाविद्यालये ज्या विद्यापीठास जोडली आहेत ते २०१९ साली छिंदवाड्यास स्थापन झाले आणि आज त्यास राजा शंकर शाह यांचे नाव आहे. या गोंड राजास आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांस इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्याविरुद्ध जो पुरावा मांडला गेला त्यात घरझडतीत सापडलेले एक काव्य होते. शत्रूंचा संहार कर, अशी देवीची प्रार्थना त्यात होती. देवीपुढे मांडलेल्या गाऱ्हाण्याचा कागद सरकारने राजद्रोह म्हणून वाचला. ज्या विद्यापीठाच्या दारावर हे नाव आहे, त्याच्या छायेतून निघालेल्या मुलीने भोजनगृहाच्या भिंतीवर चार ओळी लिहिल्या तर आपण तिच्याकडून क्षमापत्र मागतो, आणि तेही देवीच्या निधीतून चालणाऱ्या घरात. इंग्रजांस निदान आपण राज्य करीत आहो हे माहीत होते.

विश्वस्तांची एक शंका मात्र रास्त आहे, ती टाळून चालणार नाही. मुली चुकीचे लिहितील. एखाद्या अधीक्षिकेवर, स्वयंपाकीणबाईवर, किंवा एकमेकींवरही अन्याय करतील. करतील खऱ्या. विशीतल्या लेखणीस धार असते आणि तोल नसतो. स्वयंपाकीणबाई गरीब असते, तिला उलट लिहिता येत नाही. तिच्याविषयी निनावी काही लागले तर ते काढावेच. पण यावरचा उपाय मुलींस लिहू न देणे हा नव्हे. प्रत्येक मजकुराखाली लिहिणारीचे नाव असावे; ज्याच्याविषयी लिहिले त्याचे उत्तर त्याच भिंतीवर, तेवढ्याच जागेत, तेवढेच दिवस लागावे; लावण्यापूर्वी कोणाची सही लागू नये, आणि काढावयाचे असेल तर काढणाऱ्याने कारण लिहून त्या जागी लावावे. चार मुली आणि विश्वस्तांपैकी एक स्त्री यांनी तक्रारी ऐकाव्यात. विश्वस्तांत स्त्री नसेल तर आधी ती घ्यावी. मुलींच्या वसतिगृहास एकही स्त्री विश्वस्त नसणे ही गोष्ट इतकी सर्वत्र आहे की तिचा अचंबाही कोणास वाटत नाही.

यास पैसा लागत नाही. एक लाकडी फळा, चार टाचण्या आणि महिन्यास एक मोठा कागद, एवढे साहित्य पुरते. कोनशिलेहून ते स्वस्त आहे. आणि देवस्थानाच्या वार्षिक सभेत वसतिगृहाचा अहवाल वाचला जातो, किती मुली राहिल्या, किती उत्तीर्ण झाल्या, किती खर्च आला, तेव्हा वर्षभराचे हे बारा कागद त्याच टेबलावर मांडून ठेवावेत. प्रसाद घेऊन परतण्यापूर्वी ज्या सभासदांस वाचावयाचे असतील ते उभ्याउभ्या वाचतील.